मामाची थरथरती रेघ

तिला गल्लीत सगळे वेबसाइटवाली म्हणत. अक्षराचं वळण मात्र तिनं मामाकडून घेतलेलं. मामा पाट्या रंगवायचा. शिडीखाली रंगाचा डबा धरून उभं राहता राहता तिला रेघेचा स्वभाव कळू लागला होता.

मामा आजारातून उठला तो थरथरता हात घेऊन. त्याचं मन रमावं म्हणून तिनं वाचनालयाच्या वेबसाइटसाठी त्याच्याकडून चित्रं काढून घेतली. पुस्तक, चष्मा, कंदील, किल्ली. पानं तिनं आधीच रचून ठेवलेली, साध्या फोनवरही झटकन उघडतील अशी. सगळी चित्रं एकाच फाइलमध्ये होती. ती फाइल फोनवर एकदा उतरली की प्रत्येक पान हवं ते चित्र नावानं बोलावून घेई.

कागदावरच्या रेघा तिनं संगणकावर रेघा म्हणूनच उतरवल्या होत्या. अशा चित्रात रंगाचे ठिपके साठवत नाहीत, रेघेच्या वळणांवरचे बिंदू साठवतात. मामाच्या रेघेला तर पावलोपावली वळण. फाइल जड झाली. तिनं बिंदू कमी करणारा प्रोग्राम चालवला. फाइल हलकी झाली आणि रेघ लोण्यासारखी गुळगुळीत. ती थबकली. मग मनाशी म्हणाली, राहू दे, चारचौघांत बरंच दिसेल.

मामानं फोन डोळ्यांजवळ नेला.

“अगं, हे मी काढलं?”

“तूच की.”

“म्हणजे हात परत आला म्हण! उगाच गोळ्यांना नावं ठेवत होतो.”

तिनं मान डोलावली.

त्याच उभारीवर मामानं औषधवाल्याची पाटी रंगवायला घेतली. ती पुन्हा शिडीखाली डबा धरून उभी. आता सांगू, मग सांगू, करता करता मामा वर पोचलासुद्धा. पहिल्या अक्षराचा दंड पाण्यातल्या सावलीसारखा हलत खाली उतरला.

औषधवाला हसला. “मामा, आमची औषधं घेऊन ही गत असेल, तर पाटी न लावलेलीच बरी!”

मामा हसला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं. “फोनमधली रेघ माझी नव्हती ना?”

“तुझीच. मी घासून गुळगुळीत केली.”

“का?”

फाइल जड होती, हे उत्तर ओठांवर तयार होतं. पण चित्रं बनवणारा प्रोग्राम फाइलमध्ये आपल्या नोंदी भरून ठेवतो, तो पडद्यावर न दिसणारा बिनकामाचा मजकूर झाडून टाकला असता तरी भागलं असतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

“मला लाज वाटली, मामा.”

तो सावकाश उतरला. ब्रश तिच्या हातात दिला. “उरलेली अक्षरं तू काढ. पण त्या पहिल्यासारखी. एका पाटीवर दोन हात दिसले तर माझं नाव जाईल.”

ती चढली. सरळ रेघ तिला डोळे मिटून यायची; ही येईना.

“एवढी हलवू नकोस,” मामा खालून ओरडला, “नाटकी वाटते!”

घरी येऊन तिनं मामाच्या मूळ रेघा फाइलमध्ये परत ठेवल्या, तो बिनकामाचा मजकूर तेवढा काढला. एकाच जागी केलेल्या बदलानं पानापानावर मामाचा खरा हात उमटला. फाइल काही फारशी जड झाली नाही.

मामाला ते दाखवायचं धाडस मात्र तिला त्या दिवशी झालं नाही.