शेळ्यांनी न खाल्लेली पानं

११ ऑक्टोबर २००९, रविवार. शाळेच्या संकेतस्थळाची जुनी पानं उतरवून घेते आहे. ज्या कंपनीने फुकट जागा दिली होती, ती आता दुकान बंद करते आहे. एकेक पान उघडायचं, बघायचं, नव्या जागी ठेवायचं. सकाळपासून बरं चाललं होतं. मग ‘आमची टेकडी’ हे पान आलं आणि हात थांबला.

या पानामागचं खरं मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते.

मी जाफराबाद तालुक्यातल्या एका गावात विज्ञान शिकवते. नवीन यंत्र शाळेत आलं की ते माझ्याकडे, हे ठरलेलंच. आधी टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग कंप्यूटर. बाकीचे शिक्षक त्याला हात लावायला घाबरायचे, मी झाकण उघडून बघायची. टेकडीही माझ्याचकडे. शाळेमागच्या गायरानावर पोरांना घेऊन मी सुट्टीच्या दिवशी खड्डे खणले, कडुलिंब, चिंच, आवळा लावला. कुणी सांगितलं नव्हतं. मला आवडायचं.

उन्हाळ्यात पाणी घालायचं कामही मीच अंगावर घेतलं. खालच्या विहिरीवरून ड्रम भरून बैलगाडी वर न्यायची. विहीरवाला तयार, गाडीवाला तयार. फक्त रविवारी मी तिथे उभी असायला हवी. मी म्हटल्याशिवाय गाडी निघायची नाही.

आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात मी जालन्याला गेले. मस्तगडात बहिणीकडे राहिले आणि वेब डिझाइनचा वर्ग लावला. शाळेचं संकेतस्थळ करायचं होतं ना! पहिल्या रविवारी वाटलं, पुढच्या रविवारी जाऊ. पुढच्या रविवारीही तेच वाटलं. अडचण काय होती? काही नाही. एसटी होती, तब्येत ठीक होती. मला तिथे मजा येत होती, एवढंच. वर्गात बसून मी टेकडीचं पान केलं. हिरव्या अक्षरांत लिहिलं, ‘एकही रोप मरू देणार नाही.’

जूनमध्ये परतले तेव्हा सगळी रोपं वाळलेली होती.

इथपर्यंत आळस. आळसाची कबुली द्यायला मी इतकी वर्षं थांबले नसते.

मुख्याध्यापकांनी विचारलं, “बाई, झाडांचं काय झालं? साहेब बघायला येऊन राह्यले.” जिल्ह्याहून अधिकारी येणार होते, संकेतस्थळ बघायला आणि मग टेकडी बघायला. मी म्हणाले, “शेळ्यांनी खाल्ली.”

शेळ्या गावात बऱ्याच जणांकडे होत्या. पण गायरानावर रोज शेळ्या नेणारी एकच होती, कौसाबाई. भीमनगरात राहायची. नवरा वारलेला, शेत नाही, शेळ्यांवर घर चालायचं. तिची संगीता माझ्याच वर्गात, सातवीत. मी कौसाबाईचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

पण तुम्ही कधी शेळीने खाल्लेलं रोप पाहिलंय? पान राहत नाही, शेंडा राहत नाही. माझ्या रोपांवर पानं तशीच होती. करपलेली, पण सगळी जागच्या जागी. ती बघितली असती तर कुणालाही कळलं असतं, की ही पाण्यावाचून गेली.

म्हणून — हे सांगायला मी इतका वेळ घेते आहे — दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी टेकडीवर गेले. एकेका रोपाजवळ बसून वाळकी पानं ओरबाडली. शेंडे मोडले. पानं पिशवीत भरून खाली आणली आणि चुलीत घातली. खाली उतरण्याआधी शाळेच्या कॅमेऱ्याने ओरबाडलेल्या रोपांचे फोटो काढले. ते फोटो संकेतस्थळाच्या पानावर टाकले, खाली ओळ लिहिली: ‘शेळ्यांनी रोपे खाल्ली.’ मांडणी चांगली जमली होती. साहेबांनी तारीफ केली.

मग ग्रामसभा झाली. कौसाबाई उभी राहून म्हणाली, “माझ्या शेळ्या त्या अंगाला गेल्त्याच न्हाईत. बाईंला इचारा.” उपसरपंच म्हणाले, “कौसे, कंप्यूटरवर फोटो आलेत. आता काय शेळ्यांच्या सह्या पायजेत का तुला?” लोक हसले. ती माझ्याकडे बघत होती. मी काय केलं? पदर नीट केला आणि खाली बघितलं.

टेकडीवर चराईबंदी झाली. कौसाबाईने शेळ्या टेंभुर्णीच्या बाजारात विकल्या. बंदी वर्षभर टिकली, मग सगळ्यांची गुरं पुन्हा टेकडीवर गेली. शेळ्या नव्हत्या त्या फक्त तिच्याकडे.

आणखी एक. संकेतस्थळ झालं तेव्हा मी सातवीला ते दाखवलं. एकेकाने एकेक ओळ मोठ्याने वाचायची. आधीपासून मोजलं असतं तर कळलं असतं कुणाला कोणती ओळ येणार ते. मी मोजलं नाही. संगीताने शेळ्यांची ओळ वाचली, स्पष्ट, एकाही अक्षराला न अडखळता. वाचून जागेवर बसली. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. मायलेकी मामाकडे पिंपळगाव रेणुकाईला गेल्या, बियाण्याच्या कपाशीत रोजाने कामाला. मी पटावरचं तिचं नाव कमी केलं. विज्ञानात हुशार होती.

पुढच्या वर्षी मी पुन्हा झाडं लावली. ती जगली. लोक त्यांच्याकडे बोट दाखवून माझं नाव घेतात. मी ऐकून घेते.

आज ते पान पुसून टाकणं सोपं होतं. एक बटण. कुणाला आठवतंय? मी पुसलं नाही. फोटो ठेवले, ओळ बदलली: ‘ही रोपे पाण्यावाचून वाळली. पाणी घालण्याची जबाबदारी माझी होती. पाने मी तोडली. शेळ्यांचा दोष नव्हता.’ खाली माझं नाव घातलं. पण कौसाबाई काही संकेतस्थळ बघत नाही.

१२ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी रजेचा अर्ज शाळेत पाठवला आणि पिंपळगावची गाडी धरली. घर विचारत गेले. दारात संगीता होती, कडेवर मूल, दिवाळीला माहेरी आलेली. तिने पाणी दिलं. मी तांब्या हातात धरून उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वर लिहिलंय तेवढंच, त्याच क्रमाने.

तिने मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. “मंग आता सांगून काय करायलात, बाई?”

“काही नाही,” मी म्हटलं. “सांगायचं होतं.”

“आई सोयाबीनच्या खळ्यावर हाय. तिला सांगा.”

मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला, खळं कुठल्या बाजूला ते विचारलं आणि निघाले.