हौसाची अर्धी ओवी

भूतखेत, अंगात येनं... म्या कंदीच मानलं न्हाई. धरणात गाव गेलं, मंग मालक गेले, तवा बी कुना देवरुशाच्या दारात पाय ठिवला न्हाई. मला साळा ठावी न्हाई. सांगते म्या, लिहिती माजी सून. पर ह्यो राग पोटात घिऊन मरायचं न्हाई, म्हनून सांगते.

आमचं गाव वेल्ह्याकडं. त्ये पान्यात गेल्यावर आमी नसरापूरच्या अलीकडं आलो. संगं जातं आनलं. म्या आन माजी थोरली जाऊ हौसाबाई, समोरासमोर बसून दळायचो. ओवीची पयली ओळ माजी, दुसरी तिची. तशी रीतच पडली. तिची ओळ म्या कंदी पाठ केली न्हाई — ती समोर हायेच की. मंग ती बी गेली. मागं ना लेकरू, ना फोटू.

औंदा भोरच्या कालेजातली पोरं आली. तितं आता शिकवायची नवी तऱ्हा — पोरांनीच गावोगाव हिंडून जुनं फोटू, जुनी गानी गोळा करायची, काय जपून ठिवायचं त्ये बी पोरांनीच ठरवायचं. भर दुपारी पडवीत म्या जात्याला बसले. पोरं माज्या मागं, मोबाईलमंदी आवाज भरून घेत. समोरची जागा रिकामी.

"पान्याच्या पोटामंदी, माजा उंबरा निजला गं..."

येवडं म्हनले आन गप झाले. जातं फिरतंय.

सोनाली नावाची पोरगी म्हनली, "आज्जी, पुढची ओळ?"

"ती हौसाची. मला न्हाई येत."

पोरं गेली. मंग एक दिस सोनालीचा फोन. "आज्जी, त्या दिवशी तुमच्यासमोर तर कुणीच नव्हतं ना?" आन तिनं त्या दुपारचं भरलेलं फोनवरच ऐकवलं. माजी ओळ झाली, जात्याची घरघर, आन मंग —

"मासोळीबाई, तुजा पदर का भिजला गं."

हौसा. तिचाच त्यो नाकातला आवाज. त्या दुपारी कुनालाच आइकू आला नव्हता.

आन त्यांचे सर काय म्हनले? "आजींनी गंमत केली. आत कुणीतरी बाई बसवली असणार. तो दुसरा आवाज काढून टाका." सत्तरी वलांडून म्या पोरांशी खोटं बोलनार? हौसाचं ह्या दुनियेत येवडंच उरलंय, त्ये बी पुसायचं? म्या सोनालीला म्हनलं, "तिचा काडायचा तर माजा बी काडा. अर्धी ओवी काय चुलीत घालायची?"

मंग सर सोता आले, तपासायला. मानूस वाईट न्हाई, च्या पिले. आन बसले कुठं — हौसाच्या जागंवर. मांडी घालून.

म्या ओळ म्हनली. थांबले. नुसती घरघर. पोरांनी तितंच लावून आइकलं, काय बी न्हाई.

"बघा आजी," सर हासले.

"काय बघू? तिच्या जागंवर तुमी बसलाय. ती काय तुमच्या मांडीवर बसंल?"

पोरं तोंड दाबून हासली. सर काय उठले न्हाईत. म्या बी परत म्हनले न्हाई.

सोनाली म्हनली, "सर, ठरवायचं आम्ही, तुम्हीच म्हणाला होता." आता कालेजात ती ओवी दोन नावांनी हाय — भागूबाई आन हौसाबाई.

आवाज कुठनं आला, मला ठावं न्हाई. पोरांना बी न्हाई, सरांना तर न्हाईच न्हाई. दुपारी मूठभर नाचणी घिऊन बसते, माजी ओळ म्हनते, थांबते. काय आइकू येत न्हाई.

पर समोर कुनाला बसू देत न्हाई.