अधिक महिन्याचं वाण आणि कपाटातला पासपोर्ट

हे लिहिणं भाग पडलं, कारण लेकीने तिच्या ब्लॉगवर ‘आईची दोहा ट्रिप किती रिलॅक्सिंग झाली’ असं जाहीर केलं आहे.

२००७चा अधिक महिना. जावयाला वाण द्यायला अनारशांचा डबा घेऊन मी ऐन उन्हाळ्यात निघाले. तुम्ही तेव्हा जाऊ नका. विमानातून उतरताच कुणीतरी तोंडासमोर भट्टीचं दार उघडतं. लेकीचा फ्लॅट फरीज बिन ओमरानमध्ये. रस्ते खणलेले, टॅक्सी मिळाली तर नशीब. करक चहा मात्र एक रियाल. स्वस्त तेवढाच.

दुसऱ्या दिवशी नातीने शाळेचं प्रेझेंटेशन म्हणून दाखवलं: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बायकांनी गुलामगिरी आणि दारूविरुद्ध उभारलेली चळवळ. दारू सोडण्याच्या शपथेला समीररावांनी, म्हणजे जावयांनी, व्हिस्कीचा ग्लास खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. गुलामांच्या हालांना डोळे पुसले. मग हाक मारली, “सुनंदा, बर्फ आण!”

सुनंदा माणगावची, इथे स्वयंपाकाला. तिच्या मुलीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं.

“साहेबांना कितींदा विचारलं,” पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली. “इन्शाल्ला म्हनतात न् टीव्ही लावतात.”

तिचा पासपोर्ट साहेबांच्या कपाटात, आणि साहेबांच्या सहीशिवाय देश सोडता येत नाही. मी जावयांना विचारलं.

“सेफ्टीसाठी असतो, आई. इथे सगळेच ठेवतात.”

अमेरिकेतले मळेवालेही एकमेकांना हेच सांगत असणार.

नातीच्या चार्टवर होतं की काही घरांनी गुलामांनी पिकवलेली साखर घेणंच बंद केलं. मी अनारशांचा डबा बॅगेत घालून कुलूप लावलं.

“आई, अहो, वाण?”

“सेफ्टीसाठी ठेवलंय.”

“आजी, दॅट्स अ बॉयकॉट!” नात खूश. लेक रडकुंडीला आली. “अगं, जावयाचं वाण अडवतात का? त्यांच्या आईचा नाशिकहून रोज फोन येतोय!”

“आज मी घेते फोन. कशापायी अडलंय ते विहीणबाईंना नीट सांगते.”

समीरराव उठले आणि कपाट उघडलं. दुसऱ्या दिवशी देश सोडायच्या परवान्यावर सही झाली, अनारसे ताटात आले. जावई वाकून नमस्कारसुद्धा करते झाले.

आता पुण्यात आहे. कॉर्निशवरचा, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावरचा, वारा आठवतो, बाकी फारसं नाही. नातीला प्रेझेंटेशनमध्ये पहिला नंबर मिळाला म्हणे. तिच्या वडिलांनी पेढे वाटले.

सुनंदा माझ्याच विमानाने आली. मुंबईला उतरल्यावर तिने समीररावांना पोचवण्यासाठी माझ्याकडे दिलं ते असं: फ्लॅटची किल्ली एक, परतीचं तिकीट एक. पासपोर्ट तिने स्वतःजवळ ठेवला.