डिकीतले खवले

आठव्या दिवशी हेमंतची गाडी परत आली आणि शेठनी मला सगळ्यांसमोर हाक मारली. मागचे दोन्ही टायर कडेला खरवडलेले. प्रत्येक खड्ड्यात ते मडगार्डच्या पत्र्याला घासत होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ठाण्यात खोपटच्या एका गॅरेजमध्ये मी सस्पेन्शनचं काम करायचो. पोरांना तेव्हा गाडी खाली बसवायचं वेड लागलेलं. उपाय सगळीकडे एकच, गॅसवर स्प्रिंगचा दीड वेढा कापायचा. गाडी बसते हो, पण गॅसच्या आचेने तारेचा दम जातो, आणि चाक लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सुटते. मी कापायला साफ नकार दिलेला. शहाडला एक जण मापाप्रमाणे स्प्रिंगा बनवून द्यायचा, आखूड पण जाड तारेच्या. आखूड म्हणून गाडी खाली, जाड म्हणून ती खड्ड्यात आपटत नाही. ह्यालाच लोअरिंग स्प्रिंग म्हणतात. शेठनी फार मागे लागल्यावर एका गाडीपुरती परवानगी दिलेली. नेमकी तीच परत आली.

"जुन्या स्प्रिंगा चढव," शेठ म्हणाले. "ह्यापुढे काप म्हटलं की कापायचं. डोकं घरी ठेवून यायचं."

मला राग आला. हेमंतला मी पहिल्याच दिवशी विचारलेलं, गाडीत रोज किती माणसं? मी एकटाच, चेंदणी कोळीवाडा ते कल्याणची कंपनी, असं त्याने छातीठोकपणे सांगितलेलं. त्याच हिशेबाने रिकाम्या गाडीचं माप घेतलेलं.

चडफडत डिकी उघडली. चटईखालचा पत्रा गंजलेला, मिठाचे पांढरे डाग, आणि कोपऱ्यात चिकटलेले माशांचे खवले. मग राग माझ्यावरच उलटला. ही चटई मी आठ दिवसांपूर्वी का उचलली नाही?

हेमंतला बाजूला घेतलं. तेव्हा कुठे तो खरं बोलला. रोज सकाळी आई आणि मावशी मागच्या सीटवर, डिकीत बर्फात भरलेल्या मासळीच्या दोन पाट्या. त्यांना कल्याणच्या बाजारात सोडून तो कंपनीत जायचा. पोरं मच्छीगाडी म्हणून चिडवतील, म्हणून आमच्यापासूनही लपवलेलं.

"उद्या आईला घेऊन ये," मी म्हणालो. "पाट्यांसकट."

शेठकडे शेवटची संधी मागितली. ह्या वेळी चुकलो तर मी स्वतः गॅस हातात घेईन, असं कबूल करून बसलो.

दुसऱ्या दिवशी टायर आणि मडगार्डमध्ये बोटं घालून बघितली. रिकाम्या गाडीत तीन बोटं जागा, भरल्यावर जेमतेम एक. आता निवड सोपी होती. पुढच्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या. मागच्या शहाडला आणखी जाड तारेच्या सांगितल्या, आणि मूळ उंचीपेक्षा फक्त एक बोट खाली. वरचे वेढे जवळजवळ, खालचे लांब-लांब. रिकामी असताना गाडी मऊ चालेल, वजन आलं की वरचे वेढे मिटतील आणि खालचे तोलून धरतील.

स्प्रिंगा आल्या, चढवल्या, आणि सकाळी भरलेल्या गाडीत शेठ स्वतः पुढे बसले. मी मावशींना उतरवून त्यांच्या जागी बसलो, वजनाने त्यांच्याएवढाच होतो तेव्हा. डेपोजवळच्या स्पीडब्रेकरवरून हेमंतने गाडी मुद्दाम जोरात काढली. माझे कान टायरकडे. घासल्याचा आवाज नाही. परत गॅरेजपाशी येऊन शेठ खाली वाकले आणि त्यांनी बोटं घातली. पूर्ण दोन आत गेली.

हेमंतच्या आईने उतरून डिकी उघडली.

"पाटीतलं पानी नाय सांडलं," ती म्हणाली. "चला आता, बाजार उठंल."

पुढच्याच आठवड्यात एक पोरगा स्प्रिंगा कापून घ्यायला आला, तेव्हा शेठ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आधी त्याला डिकी दाखव." आयुष्यात बरीच सर्टिफिकेटं मिळाली, पण अभिमान मला ह्या वाक्याचा आहे.

गिऱ्हाइकाला मी अजूनही सगळं विचारतो. मग चटई उचलून बघतो.