मैनेला गाडीची सवय

आमच्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कुणाचं मुकाट ऐकून घेतलं असेल, तर ते फक्त घोड्याचं. माणसांचंही ऐकायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं, आणि सांगितलं असेल तर त्यांनी ते ऐकलं नसावं. स्वतःच्या लग्नात भटजींना मध्येच थांबवून ते घोडीला पाणी दाखवून आले होते, असं आमच्या सासूबाई सांगतात. पूर्वी मला ती थाप वाटायची. गेल्या उन्हाळ्यापासून वाटत नाही. मामांकडे वरातीची एक पांढरी घोडी होती, मैना. पेठेतले निम्मे नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात गेले. त्यातले पुष्कळजण आता मामांना रस्त्यात टाळतात, कारण मामा त्यांना बायकोदेखत अडवून म्हणतात, "मैना तवाच मागं फिरत हुती की रं. तिचं ऐकाय पायजे हुतंस."

माझं पशुखाद्याचं दुकान आहे आणि दुकानाची एक पिकअप आहे. मामांच्या लेखी जावई हा त्या पिकअपचाच एक सुटा भाग. त्यामुळे पेठेतली मैनेला बांधायची मोकळी जागा विकली गेली आणि दिवाळीच्या आत ती रिकामी करायची ठरली, तेव्हा ही साडेसाती कुणाच्या राशीला येणार हे मला आधीच कळलं होतं. मामांचे गुडघे कामातून गेलेले, मैनाही वयाला आलेली. राधानगरीकडचे एक शेतकरी माझ्याकडून पेंड नेतात. आपल्या म्हशींबरोबर तिलाही सांभाळू म्हणाले. गवत, ओढा, मोकळं रान, सगळं होतं. अडचण एवढीच की मैना गाडीत चढत नव्हती. जयसिंगपूरच्या एका लग्नाला जाताना भाड्याच्या टेम्पोवाल्यानं असा ब्रेक मारला होता की ती पुढच्या गुडघ्यांवर कोसळली, आणि तेव्हापासून गाडीचा मागचा फाळका खाली पडल्याचा आवाज आला तरी तिला घाम फुटायचा. बळजबरीनं चढवलीत आणि पुन्हा पडली तर या वयात उठायची नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलेलं. चालवत न्यावी तर मामा जवळच्या फुलेवाडीपर्यंतसुद्धा टिकले नसते, आणि दुसऱ्या कुणाच्या हाताला ती येत नव्हती. मामा दुकानात आले आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "जावईबापू, गाडी लागंल. चार रोज." त्या चार रोजांचे पुढे किती झाले, ते मोजायचं मी सोडून दिलं.

सुरुवातीला तर माझी गाडी कुठे गेलीच नाही. मामांनी ती मैनेच्या शेजारी लावून घेतली, मागे फळ्यांचा उतार केला, हौद्यात भाताची पिंजर पसरली आणि स्वतः त्यावर मांडी घालून बसले. चहा तिथं, भाकरी तिथं, दुपारची झोपही तिथंच. मैना लांबून बघायची. तिची हरभऱ्यांची पाटी ते रोज वीतभर पुढे सरकवायचे, आधी उताराच्या पायथ्याशी, मग उतारावर, मग हौद्याच्या तोंडाशी. ती दोन पाय ठेवून मागे फिरली की मामा एक शब्द बोलत नसत. तेच मामा रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला की त्याच्या तीन पिढ्यांची विचारपूस करत. "मामा, जरा ओढून बघूया का?" असं मी एकदाच म्हणालो. "वडून चढवलेलं जनावर जल्मभर वडूनच चढवाय लागतंय," ते म्हणाले. "तुमास्नी घाई हाय तर जावा की. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या." मग मी पेंडीची पोती स्कूटरवरून पोचवली. पाठीचं दुखणं त्या दिवसांतलं आहे, ते अजून गेलेलं नाही.

अखेर मैना चढली. चढली, हरभरे खाल्ले, उतरली. मला वाटलं सुटलो. पण मामांना माझ्या ब्रेकची चिंता लागली होती. "तुमी ब्रेक मारतायसा का सूड काढतायसा?" असं विचारून त्यांनी मला हौद्यात उभं केलं, हात पाठीमागे ठेवायला लावले आणि गाडी माझ्या बायकोच्या हवाली केली. तिला गाडी उत्तम येते. त्या दिवशी मात्र तिनं संसारातला सगळा हिशेब चुकता केला असावा. रंकाळ्याच्या वळणावर मी पिंजरीत उताणा पडलो तेव्हा शेजारी कठडा धरून उभे असलेले मामा वरून बघत शांतपणे म्हणाले, "आता कळलं? तिला तर चार पाय हाईत, म्हंजे दुप्पट भ्या." दोर आखूड बांधायचा नाही, तिला मान खाली घालून तोल सांभाळता आला पाहिजे, वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात नाही, हे सगळं मी त्या पिंजरीत पडूनच शिकलो. आता बायको शेजारी बसली की माझ्या प्रत्येक ब्रेकला मार्क देते.

मामांचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. इंजिनाच्या आवाजानं मैनेचे कान उभे राहतात, म्हणून तिच्या ओळखीचा आवाज लावायचा असं त्यांनी ठरवलं. मैनेच्या ओळखीचा आवाज म्हणजे बँड. मी आपला मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि गाडी पुईखडीच्या चढाला लागली. वरातीचं गाणं सुरू झालं मात्र, मैनेची सगळी भीती पळाली. पळाली आणि ती नाचायला लागली. आयुष्यभर तिनं या सुरावर दुसरं काही केलंच नव्हतं. माझी पिकअप चढावर डावी-उजवीकडे डोलू लागली, मागून मामा "बंद कुठं हुतंय ह्ये" म्हणत मोबाईल उलटा-सुलटा करत होते, आणि शेजारून जाणारा दूधवाला मान आत घालून मला विचारत होता, "पावणं, वरात कुठली म्हणायची?" मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्या क्षणी मला खरंच वाटलं की ही घोडी, हा माणूस आणि ही गाडी मिळून माझं आयुष्य संपवणार. मामा खाली उतरले, मैनेची मान थोपटली आणि मला म्हणाले, "चुकलं. पर नाचली छान." चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हाच काय तो ऐकला.

त्यानंतर बँड बंद आणि मामांचं तोंड सुरू. मैनेच्या मानेवर हात ठेवून ते हौद्यात उभे राहायचे आणि सगळा रस्ता तिला सांगायचे. "आता खड्डा येतोय बाई. आता ट्रक हाय, त्यो जाईल, आपुन न्हाय भ्यायचं." हळूहळू मैनेचे कान खाली आले, तोंड हालू लागलं. मग एके दिवशी मामा मागे न चढता माझ्याशेजारी येऊन बसले. पुढच्या खेपांना ते रंकाळ्यावर उतरून "तुमी फिरवून आना" म्हणू लागले. नंतर तर दारातूनच हात करायचे. फाळका मी लावायचो, दोर मी सोडायचो, आणि ती माझ्याही हातून मुकाट हरभरे खाऊ लागली. मामा कंटाळले असावेत असं मला वाटलं आणि मनातून रागही आला, कारण दुकान बुडवून मी हिंडत होतो आणि घोडी त्यांची होती.

जायच्या दिवशी सकाळी मैना स्वतःहून उतार चढून गेली. मामांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला, खाली उतरले आणि गाडीपासून चांगले लांब जाऊन उभे राहिले. मी म्हणालो, "मामा, चला, बसा." ते म्हणाले, "म्या न्हाय येत. गुडगं दुखाय लागल्यात." वाटेतलं हळदी गाव गेलं, भोगावती गेली, आरशात बघावं तर मैना खाली मान घालून गवत खात होती. अंगावर घामाचा थेंब नाही. शेतकऱ्यांनी तिला उतरवून घेतलं आणि म्हणाले, "लई गरीब जनावर हाय की वो." मी जवळजवळ ओरडणारच होतो.

परत आलो तेव्हा मामा त्या रिकाम्या जागेत खुंट्यापाशी बसले होते. मी त्यांच्याजवळ जमिनीवरच टेकलो.

"भ्याली?"

"नाही मामा. एकदाही नाही."

"पडली-बिडली न्हाय न्हवं?"

"नाही."

त्यांनी खुंट्याला अडकलेली गवताची काडी काढून टाकली. मग खुंट्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "उतरल्यावर मागं वळून बगितलं काय?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्यांच्यासमोर जमलं नाही. "नाही," मी म्हणालो. "उतरली आणि चरायला लागली."

मामांनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "त्येच तर शिकवत हुतो." आणि एरवी तोंड बंद न ठेवणारा हा माणूस संध्याकाळ होईपर्यंत तसाच बसून राहिला. मी फार दमलो होतो, पण मला उठून जाववेना.