तीर्थ घेतल्याबिगर

देवाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही, असं आमच्याकडे फार गंभीरपणे सांगतात. महादेवाच्या देवळासमोर माझं भुसार दुकान आहे. सारा जन्म त्या ओट्यावर गेला, म्हणून नम्रपणे सांगतो की आमच्या गावात ज्या शपथा मोडतात, त्यांतल्या बहुतेक त्याच दारात घेतलेल्या असतात. मी स्वतः भाविक आहे, पण बेताचा. सकाळी दुकान उघडण्याआधी पिंडीसमोर उभा राहतो, हात जोडतो, परत येतो. मागत काही नाही. आपलं मागणं ऐकायला कुणी बसलेलं आहे, याची खात्री मला कधी वाटली नाही. 'मला अनुभव आला' म्हणणाऱ्या माणसांची मी आजवर चेष्टाच करत आलो. आज त्यांच्याच रांगेत उभा आहे, तर चेष्टा सोसायला हवी.

आमच्या गावाहून परळीच्या शाळेत लेकरं नेणारी पिवळी बस ओढ्याच्या पुलावरून खाली गेली. पुढे परळीच्या वीजकेंद्रातली राख नेणारा उघडा टिप्पर होता आणि वारं सुटलं होतं, एवढं वाचलेल्या लेकरांनी सांगितलं. त्या बसमधली एक मुलगी गेली. रेणुका. बिरू मेंढपाळाची, दुसरीत शिकणारी. त्याच्या घराण्यात शाळेच्या बसमध्ये बसलेली ती पहिलीच. ड्रायव्हर माणिक अंबाजोगाईच्या दवाखान्यात बेशुद्ध होता. सारी लेकरं त्याला मामा म्हणत. तो शुद्धीवर यायच्या आत गावाने त्याचा निकाल लावून टाकला.

टपरीवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे तो मोबाईलवर बोलत होता. कुणी म्हणे टायर गुळगुळीत होते, शाळेने भंगारातली बस आणली. एका म्हातारीचं म्हणणं, तो पूलच खादाड आहे. सगळे अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं बोलत, आणि अपघाताच्या वेळी त्यांच्यातलं एकही माणूस पुलाच्या आसपास नव्हतं. चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला. त्यावर रेणुकाचा फोटो तळहाताएवढा होता आणि फलक लावणाऱ्या आमच्या गावपुढारी भाऊंचा पुरुषभर, हसरा.

त्यात चॅनेलवाले आले. त्यांनी देवळातल्या गुरवआप्पांपुढे माइकचा दांडा धरला आणि ड्रायव्हर कसा होता म्हणून विचारलं. आप्पा सत्तरीचे, महादेवाची पूजा आणि बेलाचं झाड एवढंच त्यांचं जग. बस देवळासमोरच थांबायची. माणिक आधी आत येई, आप्पांच्या हातचं तीर्थ घेई, ओला हात डोक्यावरून फिरवी आणि मग चावी लावी. आप्पांनी ते कौतुकाने सांगितलं, "लई भाविक माणूस. तीर्थ घेतल्याबिगर गाडीला हात लावत न्हवता."

त्यातलं 'भाविक' कापलं गेलं. उरलेलं टीव्हीवर तांबड्या अक्षरांत साऱ्या जिल्ह्याने वाचलं: 'तीर्थ घेतल्याशिवाय गाडीला हात लावत नव्हता! पुजाऱ्याचा गौप्यस्फोट.' आपल्या भाषेत पिंडीवरून वाहतं तेही तीर्थ आणि बाटलीतून ओततात तेही तीर्थ. हा विनोद आपणच केला, पिढ्यान्‌पिढ्या त्याला हसलो. आता तो माणिकच्या दारात जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौकात पोरं जमली. आजूबाजूच्या गावांतलीही होती, त्यांनी माणिकला कधी पाहिलंही नसावं. देवळाच्या उजव्या अंगाने बोळ जातो, त्यात दुसरं घर माणिकचं. आत त्याची बायको सुनंदा आणि म्हातारी आई. मी शटर ओढून घ्यावं या विचाराने उठलो होतो. तेवढ्यात त्या घराच्या पत्र्यावर पहिला दगड पडला आणि आतून म्हातारीचा आवाज आला. नुसता आवाज, शब्द नाही. मी शटर तसंच सोडून बोळाच्या तोंडाशी गेलो. आप्पा आधीच तिथे होते, उघड्या अंगाने, हात पसरून.

"म्या चांगलंच सांगितलं हुतं रे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"तुमीच सांगितलं की, आप्पा! आता शब्द कावून फिरवता?"

"अण्णा, तुमी बाजूला व्हा. बेवड्याची वकिली करता व्हय?" एकाने मला दरडावलं.

"सरक बे म्हाताऱ्या," मागून कुणीतरी ओरडलं. हे आप्पांना होतं की मला, ते अजून कळलेलं नाही.

मी वाचणारा माणूस. संकटात माझ्या हाताला पुस्तकच लागतं. मी म्हणालो, "अरे, तीर्थ म्हणजे दूध, दही, मध, साखर. या शब्दाचा मूळ अर्थ..."

"अण्णा, शब्दकोश ठेवा घरी," पुढचा पोरगा म्हणाला. "लेकरू मेलंय."

ते खरं होतं. दुसरा दगड आला. कुणाच्या तरी हातात प्लॅस्टिकचा कॅन होता आणि त्यात पाणी नव्हतं, हे वासावरून कळत होतं. आतून सुनंदाने दाराला काहीतरी जड ओढून लावल्याचा आवाज आला. पळायला मागे वाट नाही, बोळ पुढे भिंतीत संपतो. बोळाच्या तोंडावरून गाभारा तिरका दिसतो, समईपुरता. मी तिकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोललो, मनातच: मला काही सुचत नाही. आता तूच बघ.

प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. हात टेकलेल्या माणसाचं बोलणं होतं ते.

तेव्हाच गर्दी मागून फाटायला लागली. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, बिरू चालत येत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बसमधली दप्तरं देवळाच्या मंडपात ठेवली होती, ज्याची त्याने न्यावीत म्हणून. सगळी गेली होती, एक राहिलं होतं. ते न्यायला तो आला होता. गर्दीला मात्र वाटलं की आता खरा हक्काचा माणूस आला. भाऊ पुढे झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोबाईलकडे तोंड करून म्हणाले, "बिरूदादा, तुमी फकस्त बोला. काय करायचं ते आमी करतो."

बिरूने तो हात हळूच बाजूला केला. कॅनकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"आप्पा," तो म्हणाला, "माणिक रोज घ्यायचा ते कुठं हाय?"

आप्पा देवळात गेले आणि तांब्याचं पात्र घेऊन आले. बिरूने काठी काखेत धरली, उजवा तळवा पुढे केला, त्याखाली डावा. तीर्थ प्यायला. ओला हात डोक्यावरून फिरवला.

"गोड हाय," बिरू म्हणाला.

मग म्हणाला, "माझी रेणू बी घ्यायची. मामासंगं. सांजच्याला सांगायची, बा, लई गोड असतंय." त्याने भाऊंकडे पाहिलं. "दारू असती तर तिनं थुकली असती."

त्याने मंडपातून दप्तर घेतलं. त्याच्या रुंद खांद्यावर तो गुलाबी पट्टा बसेना, म्हणून काठीला अडकवलं. जाताना माणिकच्या दारासमोर थांबून म्हणाला, "म्हातारे, भिऊ नगं. मी बिरू हाय." आणि मेंढरं कोंडून ठेवलीत म्हणत निघून गेला. कॅन कुणी नेला ते कळलं नाही. पोरं दोन-दोन, तीन-तीन करून पांगली. आत सुनंदा मोठ्याने रडायला लागली, आणि ते रडणं ऐकून मला बरं वाटलं.

याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. बाप लेकीचं दप्तर न्यायला आला, इतकंच घडलं. तो घटकाभर उशिरा आला असता तर काय दिसलं असतं, ते मला माहीत आहे. माझी सारी विद्या त्या बोळात दोन वाक्यांत संपली आणि जिथे ती संपली तिथून कुणीतरी पुढे नेलं. ज्याचं सगळं गेलं होतं, त्याच्या ओंजळीतून ते आलं. तेव्हापासून मीही आप्पांपुढे तळवा धरतो. जे कळत नाही त्याच्यावर निकाल द्यायची घाई सोडली की हात रिकामा राहतो, आणि रिकाम्या हातातच काही पडू शकतं, एवढं मला समजलं. त्याचे उपकार मी मानतो, तो कुणीही असो.

अपघाताची चौकशी अजून चालू आहे. फलक वाऱ्याने फाटला, भाऊंचा हसरा अर्धा भाग टिकून आहे. माणिक कुबड्या घेऊन घरी आला. पहिल्यांदा उंबरठ्याबाहेर पडला तो बिरूच्या मेंढवाड्याकडे गेला. तिथे दोघं काय बोलले ते मी विचारलं नाही. त्याच्या पायाची जखम बरेच दिवस भरेना, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर साखर निघाली. आप्पा आता त्याला बिनसाखरेचं तीर्थ देतात.