पांढऱ्या गच्चीचा फोटो

गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या पेंटरच्या हातच्या होत्या. त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. बायकोसुद्धा रागावली की पेंटरच म्हणे. आपलीच माणसं आपल्याच माणसांवर उठली, लढाई गावाच्या वेशीवर आली, दुकानं एकेक करून बंद पडली आणि पाट्यांची कामंही आटली. तरी तो रोज सकाळी ब्रश धुऊन ठेवी. कामात त्यानं एक नेम जन्मभर पाळला होता: रंगाचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. गिऱ्हाइकानं घाई केली तर तो तोंडावर सांगे, "घाई असेल तर खडूनं लिहून देतो."

म्हणून दवाखान्याच्या डॉक्टरबाईंचा निरोप आला तेव्हा त्याला बरं वाटलं. काम होतं गच्चीचं. दूरच्या कुठल्याशा शहरात परक्या देशांच्या मध्यस्थांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं होतं. बऱ्याच बोलण्यांनंतर एवढं ठरलं होतं, की दवाखान्यांच्या गच्चीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर मोठा लाल क्रॉस काढायचा, त्याचा वरून फोटो घ्यायचा, तो फोटो दोन्ही बाजूंना द्यायचा आणि मग त्या छपरावर कोणी बॉम्ब टाकायचा नाही.

त्या छपराखालीच पेंटरची लेक होती. दिवस भरलेले, रक्तदाब चढलेला. खाटेवरून उठायचं नाही, अशी डॉक्टरबाईंची ताकीद. जावई वेशीपलीकडे अडकलेला. त्यामुळे पेंटरनं गच्ची धुतली, घासली आणि अख्ख्या गच्चीला पांढऱ्या ऑइल पेंटचा हात दिला. हवा गार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट लावून पाहिलं, तर रंग अजून चिकटत होता.

तेवढ्यात फाटकापाशी गाड्या थांबल्या. परदेशी साहेब फोटो घ्यायला ठरल्या दिवसाच्या आधीच आला होता. रस्ता आजच खुला होता, उद्याचा भरवसा नव्हता. त्यानं अंगणात उभं राहून एक छोटं यंत्र भिरभिरत वर सोडलं, फोटो काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. सोबतच्या दुभाषी मुलीनं विचारलं, "काका, क्रॉस कुठे आहे?"

"हे वाळलं की येईल."

"साहेबांना दुपारच्या आत परत जायचंय. बैठक थांबलीय फोटोसाठी."

"मग संध्याकाळी काढा म्हणावं फोटो."

साहेब डॉक्टरबाईंशी बराच वेळ बोलला. शेवटी ठरलं ते असं: फोटो आहे तसाच पाठवायचा, खाली लिहायचं 'दवाखाना, पांढरी गच्ची'. दोन्ही बाजूंना तो मिळेल. आणि आता गच्चीत काही बदल करायचा नाही, कारण फोटो एक आणि गच्ची दुसरी असं झालं तर करार मोडल्यासारखं होईल. क्रॉसचा विषय पुढच्या बैठकीत.

"पुढची बैठक कधी?" पेंटरनं विचारलं.

मुलीनं साहेबाला विचारलं. "ती तारीख या बैठकीत ठरेल," ती म्हणाली. सांगताना तिलाच कसंतरी झालं.

"आणि त्या दोन्ही बाजूंनी हे कबूल केलंय?"

"फोटो मिळाले की पोचल्याचं कळवतील. आणि इथल्या लोकांबद्दल दोघांनीही चिंता व्यक्त केलीय."

गाड्या गेल्या. पेंटर रस्त्यावर जाऊन गच्चीकडे बघून आला, परत आत आला, परत बाहेर गेला. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "पेंटर, गच्ची अशी चमकवलीत, की वरच्या विमानवाल्याला पत्ता विचारायचीही गरज नाही."

"तू गप बस रे."

"मी गपच आहे. माझी खोली तुमच्या पांढऱ्याखालीच आहे."

दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. तिची आई उशाशी बसली होती. पेंटर दारातून डोकावला तशी लेक म्हणाली, "बाबा, वरचं झालं का?"

"झालं, बाळा," तो बोलून गेला.

मग त्याला तिथं उभं राहवेना. हातमोजे घालत निघालेल्या डॉक्टरबाईंना त्यानं गाठलं. "लाल लावू का?"

"साहेब नको म्हणालेत."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी आता बाळंतपण करतेय, काका. मला काही विचारू नका."

तो लाल रंगाचा डबा घेऊन वर गेला. सुताची दोरी मारून रेघा आखल्या आणि ओल्या पांढऱ्यावर ब्रश टेकवला. लाल पसरला, पांढऱ्यात मिसळला, गुलाबी झाला. हे होणार हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं आणखी दाट लावला, त्यावर आणखी. कडा फुटल्या. चपला रुतत होत्या, स्वतःच्याच पावलांचे ठसे उठत होते. नवशिक्यानं असं काम केलं असतं तर त्यानं त्याला हाकलून दिलं असतं.

क्रॉसचा एक हात उरला असताना विमानाचा आवाज आला. तो जिना उतरला, पण तळघरापर्यंत गेला नाही; लेक जिथं होती तिथून तिला हलवता येत नव्हतं. तो मधल्या पायरीवरच बसला. क्रॉसचा एक हात नसला तर वरून ते काय दिसेल, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. आवाज जवळ आला, डोक्यावरून फिरला, लांब गेला. मग गिरणीच्या बाजूला धडाका झाला आणि खिडक्या थरथरल्या.

विमानातल्या माणसानं खाली पाहिलं होतं की नाही, हे कोण सांगणार? पेंटर वर जाऊन उरलेला हात भरून आला.

नात झाली. दोघी सुखरूप होत्या. डॉक्टरबाईंनी साहेबाच्या कचेरीत फोन लावून गच्ची बदलल्याचं सांगितलं. तिथून उत्तर आलं, की बाब नोंदवून घेतली आहे आणि बैठकीपुढे ठेवली जाईल.

हे ऐकल्यावर पेंटर बायकोला बाजूला घेऊन म्हणाला, "हिला घरी नेऊ."

"वेडे आहात का? इथं तुमचा क्रॉस आहे." बायकोनं त्याला झटकलं.

लेकीनं ऐकलं. "काय झालं, बाबा?"

मग त्यानं सगळं सांगितलं. फोटो पांढऱ्याचा गेलाय, क्रॉस नंतर काढला, तू विचारलंस तेव्हा झाला नव्हता, आणि त्या फोटोवर कोणी अजून हो म्हटलेलं नाही. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

लेकीनं बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं. "घराच्या छपरावर काय आहे?"

"काही नाही."

"मग इथंच राहू."

"अगं, पण..."

"बाबा, कुठं जायचं ते तुम्ही सांगा. मी येते."

त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि बायकोला खूण केली. दोघांनी मिळून खाट खिडकीपासून ओढली आणि आतल्या भिंतीला नेऊन लावली. खाटेची चाकं फरशीवर घरघरली, तशी तिघांनीही क्षणभर मान वर करून ऐकलं.